बापाचं नाव आणि शिंगराची चाल

ड्रेसाजसाठी, म्हणजे घोड्याकडून तालबद्ध, नेमक्या चाली करून घेण्याच्या खेळासाठी, शिंगरू हवं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो 'कुठल्या रक्ताचं?' हाच. याच प्रश्नावर बेतलेला एक मजकूर सध्या घोडेवाल्यांमध्ये हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रक्त निवडलं की शिंगरू निवडल्यासारखंच. बापाचं नाव मोठं असेल तर काम फत्ते. घोडी नुसती निरोगी असली तरी पुरे, तिच्यातलं उणं घोडा भरून काढतो. एकच थोर पूर्वज वंशावळीत जितक्या वेळा येईल तितके गुण पक्के. अडथळ्यांवरून उडी मारण्याच्या स्पर्धेतल्या घोड्यांचं रक्त चुकूनही शिरू देऊ नका. तीन वर्षांच्या पोराची दुडकी पाहिली की रक्त उतरलंय की नाही ते कळतं. आणि शेवटी ठसक्यात: 'रक्त खोटं बोलत नाही. खाण तशी माती.'

वंशावळी वाचत बसायची खोड मलाही आहे, म्हणून या मजकुराची भुरळ कशी पडते ते मला चांगलं माहीत आहे. रक्ताला अर्थ नाही असं मी म्हणणारच नाही. पण या मजकुरातला एकेक मुद्दा अर्ध्यावर खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यात लोकांची दहा-दहा वर्षं वाया जातात. तेव्हा क्रमाने घेऊ.

'बापाचं नाव मोठं असेल तर काम फत्ते'

१९८४ ते २०२४ या काळात अकरा ऑलिम्पिक झाली. ड्रेसाजचं वैयक्तिक सुवर्ण या अकरा वेळांत सात घोड्यांकडे गेलं: आलेरिख, रेम्ब्रांट दोनदा, जिगोलो, बॉनफायर, सलिनेरो दोनदा, व्हॅलेग्रो दोनदा आणि डालेरा दोनदा. आता त्यांचे बाप पाहा. अँजेलो, रोमाडूर दुसरा, ग्राडिट्झ, वेल्ट आस, सालिएरी, नेग्रो, इझी गेम. सात घोडे, सात बाप, एकही नाव दुसऱ्यांदा नाही. डोनरहॉल आणि सँड्रो हिट ही आधुनिक ड्रेसाज-पैदाशीतली अतिशय मोठी नावं, पण त्यांचं एकही थेट अपत्य या यादीत नाही. नातवंडांत मात्र ते दिसतात. २०१६ ची रौप्यविजेती वाइहेगोल्ड ही बापाकडून डोनरहॉलची नात आणि आईकडून सँड्रो हिटची.

याच यादीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सातांपैकी सहा खच्ची केलेले घोडे आणि एक घोडी. पैदाशीचा नर एकही नाही. म्हणजे 'विजेत्याचं शिंगरू' असं आपण ज्याला म्हणतो ते बहुतेक वेळा विजेत्याचं नसतंच, विजेत्याच्या सावत्र भावाचं नाहीतर पुतण्याचं असतं. ज्यांना 'व्हॅलेग्रोचं रक्त' हवंय त्यांना नेग्रोकडे जावं लागतं, आणि नेग्रो हे निम्मंच उत्तर आहे. उरलेलं निम्मं माइफ्लर नावाच्या घोडीत होतं. तिचं नाव किती जणांना आठवतं?

बापाचं नाव इतकं हुलकावणी का देतं याचं कारण सोपं आहे. घोड्याला गुणसूत्रांच्या ३२ जोड्या. प्रत्येक जोडीतलं कुठलं एक गुणसूत्र शिंगराला जाईल ही नाणेफेक. नुसत्या या निवडीतूनच एका नराकडून ४२९ कोटींवर वेगवेगळ्या जुळण्या निघू शकतात, आणि गुणसूत्रं वाटेत आपापसांत तुकडे बदलतात ते वेगळंच. म्हणून अख्ख्या कळपात जितका आनुवंशिक फरक असतो, त्यातला जवळपास निम्मा सख्ख्या भावंडांमध्येसुद्धा शिल्लक राहतो. सावत्र भावंडांत तर आणखी जास्त.

एक मान्य करायला हवं. ड्रेसाजमधल्या गाजलेल्या टोटिलास या घोड्याचा बाप ग्रिबाल्डी, आणि डालेराचा बाप इझी गेम हा त्याच ग्रिबाल्डीचा मुलगा. याला निव्वळ योगायोग म्हणणं हट्टीपणा होईल. पण ग्रिबाल्डीच्या पुष्कळ मुलांत टोटिलास एकच झाला, हेही तितकंच खरं.

नरांच्या क्रमवाऱ्यांबद्दलही दोन शब्द. पोरांचे गुण एकत्र करून बापाचा क्रमांक ठरतो, तेव्हा ज्याची पोरं जास्त त्याला वर चढणं सोपं. समजा एका घोड्याची २,००० पोरं आणि त्यांतली २० ग्राँप्रीपर्यंत, म्हणजे ड्रेसाजच्या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत, पोचली. दुसऱ्याची २०० पोरं आणि ६ पोचली. यादीत पहिला वर. माझी घोडी मात्र मी दुसऱ्याकडे नेईन.

'घोडी कुठलीही चालते'

खरं घोडं पेंड खातं ते इथे. गंमत म्हणजे 'खाण तशी माती' ही म्हण मराठीत बहुतेक वेळा आईवरून लेकीला लावतात. मजकूर मात्र बापाचीच खाण खणत बसलाय.

शिंगराला निम्मी जनुकं आईकडून येतात, हे सगळे तोंडाने म्हणतात आणि नर निवडताना विसरतात. हिशोबाने पाहिलं तर आईचा वाटा निम्म्याहून किंचित जास्तच भरतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामधली ३७ जनुकं फक्त आईकडून येतात, आणि नर शिंगराचं एक्स गुणसूत्रही आईचंच. त्यावर अकरा महिने पोटात वाढ, मग दूध, आणि माणूस जवळ आला की घाबरायचं की मान वळवून बघायचं हा पहिला धडाही तिच्याकडूनच. भ्रूण दुसऱ्या घोडीत ठेवून शिंगरू वाढवलं, तर हे शेवटचे सगळे हिस्से त्या पोसणाऱ्या घोडीचे. तिचा स्वभाव विचारणारे मला फार थोडे भेटलेत.

'उणं घोडा भरून काढतो' या वाक्यात पैदास म्हणजे रंग कालवणं आहे असा समज आहे. पांढऱ्यात काळा मिसळला की करडा, तसं लांब पाठीच्या घोडीला आखूड पाठीचा घोडा दिला की मधली पाठ. तसं होईलही, पण शिंगरू आईची पाठ आणि बापाचे मागचे पाय घेऊनही येऊ शकतं, आणि ते दोन एकमेकांना अजिबात शोभणार नाहीत. टोकाला टोक देऊन मध्य सापडेलच असं नाही. घोडीत जी गोष्ट कच्ची आहे ती ज्या घोड्यात नुसती बरी नव्हे तर त्याच्या पोरांमध्येही सातत्याने बरी उतरलेली दिसते, तो घोडा बघायचा. तेही आपल्या घोडीसारख्या घोड्यांपासून झालेल्या पोरांमध्ये. घोडा स्वतः कसा दिसतो याला त्यापुढे कमी किंमत.

स्वभावाचंच घ्या. डच वॉर्मब्लडमधला (वॉर्मब्लड म्हणजे खेळासाठी पैदास केलेल्या युरोपी घोड्यांचा गट) जॅझ हा गाजलेला बाप. त्याच्या रक्तात धार आहे, पोरं संवेदनशील आणि तापट निघतात, अशी त्याची ख्याती. लंडन २०१२ मध्ये रौप्य मिळवणारा पार्झिव्हल हा त्याचाच मुलगा. अशी धार शांत, समजूतदार घोडीला दिली तर सोनं होऊ शकतं. आधीच जिथे तिथे बुजणाऱ्या घोडीला दिली तर जे येईल त्यावर बसणारा स्वार आधी शोधून ठेवा. रक्त दोन्हीकडे तेच. निकाल घोडीने फिरवला.

आईची बाजू किती दूरवर काम करते त्याचा नमुना वरच्या यादीतच आहे. १९८४ चा आलेरिख हा अँजेलो नावाच्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्याचा मुलगा. १९८८ आणि १९९२ चा रेम्ब्रांट हा त्याच अँजेलोच्या मुलीचा मुलगा. बापांची रांग वाचली तर हे नातं दिसतच नाही.

अडचण खरी आहे, ती नाकारत नाही. कृत्रिम रेतनामुळे नराची वर्षाला शेकडो शिंगरं होऊ शकतात. घोडीची जन्मात दहा झाली तरी पुष्कळ. त्यामुळे तिच्याबद्दलची माहिती तुटपुंजी. म्हणूनच तिच्या बहिणी, तिची आई, त्यांची पोरं, ती पोरं किती वर्षांपर्यंत पायांनी धड राहिली, हे खोदून विचारावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. विक्रीच्या पुस्तिकेत बापाचं नाव ठळक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचणं केव्हाही सोपं.

'थोर पूर्वज जितक्या वेळा येईल तितकं उत्तम'

इथे आकडेमोड केली की मुद्दा दोन्ही बाजूंनी पडतो. पाचव्या पिढीत ३२ पूर्वज असतात आणि प्रत्येकाचा वाटा सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास. तोही सरासरीच, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी असू शकतो. एकच घोडा आई आणि बाप दोघांकडून चौथ्या पिढीत आला, तर शिंगराचा अंतःप्रजननाचा आकडा (जनुकाच्या दोन्ही प्रती त्या एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) १ टक्काही भरत नाही. गुण पक्के व्हायला हे फारच थोडं झालं. तोच घोडा दोन्हीकडून तिसऱ्या पिढीत आला तर ३.१ टक्के, आणि दोन्हीकडचा आजोबा तोच असेल तर १२.५. आता परिणाम दिसेल, पण जनुकांना चांगलं-वाईट कळत नाही. चालीची लय दुप्पट झाली तशी सांध्यातली खोटही दुप्पट होते. म्हणजे पूर्वज लांबचा असेल तर नाव नुसतं मिरवायला, आणि जवळचा असेल तर त्याचे दोष तोंडपाठ हवेत.

'उडीच्या रक्ताचा थेंबही नको'

याला फार वेळ देत नाही. गेल्या काही दशकांत ड्रेसाज आणि उडी या पैदाशीच्या दोन वाटा झाल्या आणि त्यात तथ्य आहे. एका कामातले गुण दुसऱ्या कामात आपोआप येत नाहीत. पण वर ज्याचं नाव आलं त्या सँड्रो हिटचा आजोबा सँड्रो हा होल्स्टाइनर या जर्मन जातीचा, आणि त्याची पोरं गाजली ती उडीच्या मैदानावर. थेंब नकोच म्हणाल तर सँड्रो हिटच्या सगळ्या वंशालाही नारळ द्यावा लागेल. उडीच्या घोड्याकडून चांगला कँटर (दुडकीहून वेगळी, तीन ठेक्यांची धाव) आणि मागच्या पायांतली ताकद मिळते, आणि या दोन्ही गोष्टी पिरुएटला, म्हणजे जवळपास जागच्या जागी घ्यायच्या गिरकीला, लागतात.

'तीन वर्षांच्या पोराची दुडकी पाहिली की कळतं'

हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो डोळ्यांना पटतो. तीन वर्षांचं शिंगरू पुढचे पाय छातीइतके उचलून हवेत तरंगत आलं की भल्याभल्यांचा श्वास थांबतो. पण ग्राँप्रीत विचारतात ते वेगळंच. पियाफमध्ये जवळपास जागच्या जागी, मागचे पाय पोटाखाली घेऊन, वजन त्यांच्यावर तोलून ताल धरायचा असतो. पुढचे पाय किती उंच जातात यापेक्षा मागचे सांधे किती वाकतात आणि किती भार पेलतात हे तिथे ठरवतं. जुने शिकवणारे सांगतात की दुडकी घडवता येते; चालणं आणि कँटर मात्र घोडा जन्माला येताना घेऊन येतो. शिंगरू पाहताना ते नुसतं चालत असतं तेव्हा मी जास्त वेळ थांबतो. तेवढ्यात बाकीचे चहाला गेलेले असतात.

आकडेही हेच सांगतात. तरुण घोड्यांच्या परीक्षेत चालींना मिळणारे गुण मध्यम आनुवंशिक आहेत, साधारण ०.३ ते ०.४ (० म्हणजे फरकात आनुवंशिकतेचा काहीच वाटा नाही, १ म्हणजे सगळा तिचाच). मोठ्या स्पर्धांतलं यश मात्र बहुधा ०.१ ते ०.२ च्या घरात. म्हणजे घोड्याघोड्यांत यशाचा जो फरक दिसतो, त्यातला मोठा वाटा स्वार, शिकवण, पायांचं आरोग्य आणि नशीब यांचा. यातून रक्त निरुपयोगी ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की एका शिंगराकडे पाहून त्याच्या बापाबद्दल किंवा बापाकडे पाहून एका शिंगराबद्दल पैज लावू नये. पुष्कळ पोरांच्या नोंदींवरून काढलेलं पैदासमूल्य हा त्यातल्या त्यात बरा आधार. जर्मन पद्धतीत त्याची सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) २०, म्हणजे १२० चा घोडा साधारण वरच्या १६ टक्क्यांत बसतो. त्या आकड्याशेजारी विश्वासार्हतेची टक्केवारी छापलेली असते. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडून देतात.

आणि वेळेचं काय? नर अडीच वर्षांचा असताना पैदाशीसाठी निवडला जातो. त्याची पहिली शिंगरं येतात तेव्हा तो चारचा. आंतरराष्ट्रीय ग्राँप्रीला घोडा किमान आठ वर्षांचा लागतो, प्रत्यक्षात दहाच्या पुढेच तिथे जम बसतो. म्हणजे बाप चौदा-पंधराचा होईपर्यंत त्याच्या रक्ताचा खरा निकाल लागत नाही. घोडामैदान जवळ असतं म्हणतात. इथे ते दहा वर्षं लांब आहे. तोवर ज्याला आपण 'सिद्ध रक्त' म्हणतो ते बहुतेक तरुण घोड्यांच्या दुडकीवरून बांधलेले अंदाज असतात.

'रक्त खोटं बोलत नाही'

हे मात्र मला मान्य आहे. फक्त ते काय बोलतं हे वंशावळीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. वॉर्मब्लड घोड्यांत फ्रॅजाइल फोल सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. शिंगराची कातडी कागदासारखी फाटते, सांधे ढिले असतात आणि ते वाचत नाही. काही वेळा गर्भच पडतो. जनुकाची एकच सदोष प्रत असलेला घोडा मात्र दिसायला, पळायला, जिंकायला अगदी ठणठणीत. वॉर्मब्लडमध्ये असे वाहक साधारण दहात एक सापडतात. वाहक नराकडे तपासणी न करता २०० घोड्या नेल्या, तर त्यांतल्या वीसेक स्वतः वाहक असणार, आणि त्या वीस जोड्यांतून सरासरी पाच गर्भ विकार घेऊन वाढणार.

वाहक घोडा फेकून द्यायची गरज नाही. त्याला वाहक नसलेली घोडी दिली की आजारी शिंगरू होत नाही. यासाठी जनुकीय चाचणी २०१३ पासून उपलब्ध आहे, आणि २०१८ मध्ये या विकाराचा बराच गवगवा झाल्यावर अनेक पैदास-संघटना नरांचे निकाल मागू लागल्या. घोडीचा निकाल तिच्या मालकालाच काढावा लागतो. फिरणाऱ्या मजकुरात या चाचणीचा उल्लेखही नाही. तिला रक्त लागतंच असंही नाही, आयाळीचे मुळासकट उपटलेले थोडे केस पुरतात.