‘नको’ म्हणण्याचा हक्क

गेल्या महिन्यात बडोद्याहून आतेभावाचा फोन आला. त्याच्या मुलीच्या शाळेत पालकसभा झाली होती. सहली चालू ठेवायच्या की कायमच्या बंद करायच्या, एवढाच विषय. तो बंदच्या बाजूनं बोलून आला होता. “ताई, हरणीनंतर माझी छातीच होत नाही गं,” म्हणाला. मग जरा थांबून, “तू मात्र पोराला कड्यावरून उड्या मारायला सोडतेस.”

18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या गोल्डन गावात राहते. बातमी कळली तेव्हा इथे अजून उजाडलं नव्हतं. मुलगा झोपला होता, आणि मी त्याच्या खोलीच्या दारात कितीतरी वेळ नुसती उभी होते. म्हणून भावाचं बोलणं मी टोमणा म्हणून सोडून देऊ शकत नाही.

मुलगा आता 13 वर्षांचा आहे आणि तो फ्रीराइड करतो. या खेळात आखलेला रस्ता नसतो, झेंडे रोवलेले नसतात, घड्याळ लावलेलं नसतं. डोंगराची एक उभी, खडकाळ बाजू ठरवून देतात आणि स्कीवर किंवा स्नोबोर्डवर वरून खाली यायची वाट ज्यानं त्यानं निवडायची. परीक्षक ती वाट बघतात, शिवाय शरीरावरचा ताबा, सलगपणा, तंत्र आणि शैली. मोठ्यांच्या फ्रीराइड वर्ल्ड टूरमध्ये तर स्पर्धेच्या उतारावर आधी सरावही करता येत नाही. खाली उभं राहून दुर्बिणीतून वाट पाठ करावी लागते. आमच्या गावावरच्या किकिंग हॉर्स डोंगरावर ही टूर येऊन गेली आहे. तेव्हापासून इथल्या पोरांना दुसरं काही सुचत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही काही पालकांनी मुलांचा संघ उभा करायला घेतला. मला वाटलं होतं, चांगला प्रशिक्षक मिळाला की झालं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त बैठका एकाच प्रश्नावर झाल्या : ‘आज नको’ हे कुणी म्हणायचं, आणि म्हटल्यावर त्याच्याशी हुज्जत घालायचा अधिकार कुणाला? शेवटी लिहून काढलं. प्रशिक्षक म्हणू शकतो, डोंगरावरची सुरक्षा बघणारं स्की पट्रोल म्हणू शकतं, आणि स्वतः मूल म्हणू शकतं. पालकांना त्यावर बोलायचा अधिकार नाही.

बर्फ पडायच्या आधीच शिकवणी सुरू होते. मैदानात पानांच्या ढिगाऱ्याखाली पिशव्या पुरतो, आत चालू बीकन ठेवलेला, म्हणजे गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून संदेश सोडणारं छोटं यंत्र. पोरं आपल्या बीकननं शोधतात, प्रोब म्हणजे लांब सळई खुपसून जागा पक्की करतात आणि फावड्यानं उकरतात. कुणीतरी घड्याळ लावून मोठ्यानं मिनिटं मोजत असतं, कारण हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर आला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्यानं आटते. रोज सकाळी एक मूल हिमस्खलनाचा अंदाज सगळ्यांना वाचून दाखवतं. धोक्याच्या 5 पायऱ्या आहेत, आज कुठली, आणि का.

हे शहाणपण इथेही मुलांचे जीव गेल्यावरच आलं. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर रॉजर्स पास ही खिंड आहे. तिथे 1 फेब्रुवारी 2003 ला एका शाळेच्या सहलीवर हिमकडा कोसळला आणि 7 विद्यार्थी गेले. तेव्हाही ‘बंद करा’ म्हणणारे होते. पण पुढे राष्ट्रीय उद्यानांनी डोंगरातल्या वाटांचे सोपे, आव्हानात्मक आणि गुंतागुंतीचे असे 3 वर्ग पाडले. शाळांच्या तुकड्यांना हिवाळ्यात तिसऱ्या वर्गातल्या वाटांवर जायला मनाई झाली, आणि दुसऱ्यात जायचं तर प्रमाणित वाटाड्या हवाच.

आमच्याकडे बडोद्यात 1993 मध्ये सुरसागर तलावात होडी उलटून 22 माणसं गेली होती. मी लहान होते. त्यानंतर आमच्या घरात एकच नियम उरला, पाण्याजवळ जायचं नाही. पोहायला मात्र आम्हा भावंडांपैकी कुणालाच घातलं नाही. मला आजही पोहता येत नाही.

भावाला मी हेच म्हटलं, आणि दांडिया बाजारातल्या आपल्या आखाड्याची आठवण करून दिली. दोरीचा मल्लखांब करायचो आम्ही. सर खाली उभे असायचे. अढी, म्हणजे दोरीवरची पायांची पकड, पक्की होत नाही तोवर हातभर वर जायची परवानगी नाही, आणि कुणी घाबरून खाली उतरलं तर हसणाऱ्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. माझ्या मुलाच्या प्रशिक्षकाकडे मी बघते तेव्हा मला सरच दिसतात. शिवाय आखाड्याची फी रिक्षावाल्याच्या पोरालाही परवडायची. इथे स्की, पास, हेल्मेट, बीकन यांचा खर्च ऐकून चांगल्या कमावत्या घरांनाही माघार घ्यावी लागते. आम्ही जुनं सामान गोळा करून वाटतो, तरी कितीतरी मुलं बाहेरच राहतात. या बाबतीत बडोदा गोल्डनच्या फार पुढे होतं, आणि हे मी इथल्या बैठकीतही सांगितलं आहे.

फेब्रुवारीत मुलाची दुसरी स्पर्धा होती. ढग उतरले, उजेड सपाट झाला, बर्फातला चढउतार दिसेनासा झाला. पट्रोलची हरकत नव्हती, स्पर्धा चालू होती. तो वर सुरुवातीच्या जागी पोचला, उभा राहिला, आणि खडकाखाली उतरायची जागा दिसत नाही म्हणून नंबर परत देऊन बाजूच्या सोप्या वाटेनं खाली आला. त्याचे डोळे भरले होते. प्रशिक्षकानं सगळ्यांसमोर हात मिळवला आणि त्याला काय दिसलं, काय दिसलं नाही, ते नीट विचारून घेतलं. मावशी फोनवर म्हणाली, “मग एवढ्या लांब गेलात कशाला?” मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही.

परवा भावाचा पुन्हा फोन आला. सभेचा निर्णय अजून व्हायचाय. तुमचा तो कागद पाठव म्हणाला. मी मराठी करून पाठवला, आणि डोंगराच्या जागी तलाव घालून एक ओळ वाढवली : धक्क्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही शिक्षिकेनं ‘नको’ म्हटलं की होडी सुटणार नाही, पैसे भरलेले असले तरी. त्यानं विचारलं, “आणि मुलीनंच नको म्हटलं तर?”

तेही लिही, म्हटलं. आणि तिला आधी पोहायला घाल.