पॅनलवरचा बाबा

मुलीला आयआयएमचा इंटरव्ह्यूचा कॉल आला आणि आमच्या ठाण्यात, नौपाड्यातल्या घरात डायनिंग टेबलावर जेवणं बंद झालं. तिथे आता रोज रात्री पॅनल बसतं. पॅनलमध्ये मी आणि खालच्या मजल्यावरचे, बँकेतून रिटायर झालेले काका. काका टाय लावून येतात. खाली लेंगा असतो.

कॅट ही आयआयएमची प्रवेश परीक्षा मला समजते. दोन तास, तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं. वेळ संपली की विषय संपला. इंटरव्ह्यूचं तसं नाही. 'टेल अस अबाउट युवरसेल्फ' हा प्रश्न नसून वाटेत टाकलेली केळीची साल आहे. शिवाय हॉबी. तिने फॉर्ममध्ये 'वाचन' असं ठोकून दिलं होतं.

"शेवटचं काय वाचलंत आपण?" काकांनी विचारलं. (कालपर्यंत 'ए चिमणे' म्हणायचे, टाय लावली की अहोजाहो.)

"मेनूकार्ड," स्वयंपाकघरातून आवाज आला.

फॉर्म बदलायची मुदत संपली होती. तेव्हापासून ती रोज पुस्तक छातीवर ठेवून झोपते.

पॅनल तुमच्या गावाबद्दल विचारतंच, असं क्लासवाल्यांचं म्हणणं. ठाणेकराला यात एक खास धोका आहे. पॅनलवर मराठी माणूस निघाला, तर 'ठाणे' ऐकताच तो गालात हसणार. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि तो विनोदही बहुतेक तेव्हाचाच. म्हणून त्याने हसायच्या आत रेल्वे काढायची, हे मी ठरवून टाकलं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं. पोरीने रामरक्षेसारखं घडाघडा म्हणून दाखवलं.

"पण पहिली गाडी ठाण्यालाच का आणली?" काकांचा गुगली.

खरं उत्तर मला ठाऊक होतं. रुळ पुढे घाटाकडे न्यायचे होते, ठाणे हा पहिला टप्पा. १८५४ मध्ये गाडी कल्याणलाही पोचली. पण पॅनलने उत्तर फोडायचं नसतं.

"कारण ठाणा लोकलमध्ये निदान चौथी सीट तरी मिळते," ती म्हणाली, "हे साहेबाला आधीच कळलं होतं."

काकांनी शून्य दिला. मी आठ दिले. शब्दाने शब्द वाढला. 'अशा पॅनलवर मी बसणार नाही' म्हणत काकांनी टाय सैल केली. पोहे आल्यावर पुन्हा आवळली.

"बाबा, मग तूच दाखव ना कसं बोलायचं ते."

मी उठून समोरच्या खुर्चीत बसलो. टेबल तेच, घर माझं, ईएमआयसुद्धा माझेच. पण हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी मिठाची बाटली धरली.

"टेल अस अबाउट युवरसेल्फ."

"मी... रोज ८:१४ची फास्ट..."

"सर, हे टाइमटेबल झालं. स्वतःबद्दल सांगा."

मी बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. २७ वर्षं एकाच टेबलावर बसून लोकांचे फॉर्म तपासतोय. कुणी रकाना कोरा ठेवला की लाल पेनाने गोल करतो. आता माझाच कोरा.

"बरं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

"तलावपाळीच्या कट्ट्यावर. चार वर्षांत रिटायर होतोय."

काका हसले नाहीत. पोरीने मात्र वहीत काहीतरी खरडलं आणि टेबलावर सांडलेलं मीठ हाताने गोळा करत निकाल सांगितला.

"आय कॉन्टॅक्ट कमी, खरेपणा जास्त. वेटलिस्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे चार्ट लागेपर्यंत बसून राहा, बाबा."