पॉल जॉर्जचा ट्रेड आणि नंतर सुचलेलं शहाणपण

जून 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, जिंकली. शे गिल्जस-अलेक्झांडर मोसमाचाही एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरला आणि फायनल्सचाही. तेव्हापासून एक वाक्य फिरतंय: ‘क्लिपर्सने 2019 मध्ये एकट्या पॉल जॉर्जसाठी शे आणि पहिल्या फेरीचे सात पिक उधळले. इतका मूर्ख ट्रेड झाला नाही, आणि ते तेव्हाच दिसत होतं.’

जॉर्ज तेव्हा थंडरचा, शे लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सचा; ट्रेड म्हणजे संघांमधली अदलाबदल, आणि पिक म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. आधी आकडा. पिक पाच होते, त्यातले दोन मूळचे मायामी संघाचे. उरलेले दोन ‘स्वॅप’, म्हणजे त्या वर्षी दोन्ही संघांत ज्याचा क्रमांक वरचा तो थंडरने घ्यायचा. 2023 मध्ये थंडरचाच क्रमांक वरचा होता, त्यामुळे तो स्वॅप वाया गेला. 2025 मध्ये त्यांनी आपला 30वा देऊन क्लिपर्सचा 24वा घेतला. सहा पायऱ्यांचा फायदा! यालाच लोक अख्खा पिक म्हणून मोजतात.

‘एकट्या पॉल जॉर्जसाठी’ हे त्याहून चुकीचं. कावाय लेनर्ड नुकताच टोरंटोला विजेतेपद मिळवून देऊन करारातून मोकळा झाला होता. लेकर्स त्याच्यामागे होतेच. जॉर्ज आला तरच तो क्लिपर्सकडे येणार होता. थंडरचा कारभार पाहणाऱ्या सॅम प्रेस्टीलाही हे ठाऊक होतं, म्हणून तर भाव इतका चढला. तेव्हा किंमत दोघांची धरा. आणि तो जॉर्ज कोण होता? नुकत्याच संपलेल्या मोसमात सामन्याला 28 गुण काढून एमव्हीपीच्या मतदानात तिसरा आलेला. शे तेव्हा एका मोसमाचा खेळाडू, सरासरी 10.8. पोरगा गुणी आहे हे सगळेच म्हणत होते, पण पुढे तो एमव्हीपी होईल असं छातीठोक सांगणारे आत्ता उगवलेत.

पिकांतून थंडरला घबाड मिळालं ते एकदाच. 2022 चा पिक 12वा निघाला आणि त्यातून जेलन विल्यम्स आला, ज्याने 2025 च्या फायनल्सच्या पाचव्या सामन्यात 40 गुण ठोकले. पण तो 12वा का निघाला? लेनर्डचा गुडघा 2021 मध्ये गेला, पुढचा सगळा मोसम तो बाहेर बसला आणि क्लिपर्स प्लेऑफ्सला (बाद फेरीला) मुकले. गंमत म्हणजे त्याच ड्राफ्टच्या रात्री थंडरने निक्सशी सौदा करून 11व्या क्रमांकावर उस्मान जेंगला घेतलं. विल्यम्स हातचा जाऊ शकतो, ही जोखीम घेऊन! 12वा पिक म्हणजे आपोआप विल्यम्स, असा हिशेब खुद्द थंडरच्या माणसांनीही मांडला नव्हता.

‘हाती काहीच लागलं नाही’ असंही म्हणतात. 2021 मध्ये लेनर्ड जायबंदी झाल्यावर जॉर्जने युटाविरुद्ध पाचव्या सामन्यात 37 गुण आणि 16 रिबाउंड केले. क्लिपर्स इतिहासात प्रथमच कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीला, पोहोचले. करंडक नाही आला, हे खरंच.

ट्रेड थंडरने जिंकला, यात वाद नाही. क्लिपर्सना धरायचंच असेल तर 2024 साठी धरा. जॉर्ज फिलाडेल्फियाला निघून गेला आणि बदल्यात एक पिकसुद्धा आला नाही. 2026 चा पहिल्या फेरीचा पिक मात्र तेव्हाही थंडरला द्यायचा बाकीच होता.