तिकीट काढण्याआधी फाइल बांधा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून गल्फला गेलेली माणसं मोठं दुखणं निघालं की गावाकडे यायला बघतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. ऑपरेशननंतर उशाशी घरचं माणूस हवं, डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता यायला हवं. पण घाईत तिकीट आधी निघतं, कागद तिकडेच राहतात आणि इथे पहिले आठ-दहा दिवस त्याच तपासण्या पुन्हा करण्यात जातात. (छातीत कळ, तोंड वाकडं होणं असलं काही असेल तर मात्र विमानाचा विचारच नको. तिथलंच जवळचं हॉस्पिटल गाठा.)

डिस्चार्ज समरी इंग्रजीत मागून घ्या. एमआरआय, सीटीचा छापील रिपोर्ट पुरत नाही, मूळ चित्रांची सीडी हवी, कारण सर्जन चित्रं स्वतः बघून ठरवतो. कॅन्सरचा संशय असेल तर बायॉप्सीचा ब्लॉक मागा. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेला मेणाचा तुकडा असतो तो, आत गाठीचा अंश. त्याचे नवे काप घेऊन इथली लॅब पुढच्या तपासण्या करू शकते. ब्लॉक नसला तर बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागते. तो गाडीत उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं.

डायलिसिसवाल्यांनी इथल्या केंद्रात वेळ पक्की झाल्याशिवाय तिकीट काढूच नये. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट नसतील तर केंद्रं सहसा मशीनला लावत नाहीत. ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती, फिस्टुला (सुई टोचायला जोडलेली शीर) कुठल्या हातात, हेपॅरिन (रक्त न गोठू देणारं औषध) किती, शेवटचं डायलिसिस कधी, हे एका कागदावर लिहून आणा. विमानाच्या आदल्या दिवशी डायलिसिस करून निघा.

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, आखातातून थेट विमान नाही, त्यामुळे पुष्कळजण गोव्यात उतरतात. पुढे घाट आहे, हे कंबरेच्या रुग्णाने धरून चालावं. नव्या प्लास्टरला 48 तास झाले नसतील तर ते उभं चिरून घ्यावं लागतं, कारण विमानात सूज वाढून ते आवळतं.

आता पैसे. कंपनीची पॉलिसी कुठल्या देशांत चालते, ते आधी वाचा. भारत असला तरी ठरवून करायच्या ऑपरेशनला बहुधा आधी मंजुरी लागते. ईसीआर पासपोर्टवर (कामासाठी जाताना सरकारची मंजुरी लागते तो) गेलेल्यांकडे प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी असते आणि अनेकांना ती कपाटात आहे हेही ठाऊक नसतं. एका अॅडमिशनला 50 हजार, एकूण 1 लाख, भारतातल्या उपचारालाही.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएलला (रेषेवरच्यांना) उपचाराच्या ठरलेल्या पॅकेजच्या 30 टक्के, दीड लाखापर्यंत. मोठ्या उपचाराला आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. आणीबाणी नसताना लोक थेट मोठ्या हॉस्पिटलात अॅडमिट होतात आणि तिथेच फसतात.

आपल्या सीमाभागाचं खास दुखणं म्हणजे नाव. रेशन कार्ड कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. एकात यल्लाप्पा, दुसऱ्यात यल्लप्पा. एकात आडनाव, दुसऱ्यात नुसतं वडिलांचं नाव. त्यात परदेशी असताना ई-केवायसी राहिलेली. एवढ्यावरून मंजुरी अडते आणि रुग्ण खाटेवर असताना म्हातारे वडील कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. कचेरीने कानाने ऐकून लिहिलेल्या अक्षरांची शिक्षा रुग्णाला का? माझ्या मते सुट्टीवर आलेल्यांसाठी ग्रामपंचायतींनी वर्षातून एक दिवस नावं जुळवायला ठेवलाच पाहिजे. तोवर धडधाकट असतानाच, सुट्टीत, हे काम उरकून घ्या.

परतीचंही आजच बघा. युएईचा राहण्याचा व्हिसा सलग 6 महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास साधारणपणे रद्द होतो, म्हणून लांबणारा उपचार असेल तर कंपनीशी लेखी बोलून निघा. आणि ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या दुखण्याच्या गोळ्या तशाच बॅगेत टाकून दुबईला उतरू नका. तिथे ती नियंत्रित औषधं आहेत, पकडले तर प्रकरण तुरुंगापर्यंत जातं. आधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी, सोबत प्रिस्क्रिप्शन आणि मूळ पाकीट. त्याहून सोपं म्हणजे इथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, "मला परत जायचंय." शक्य असेल तिथे ते दुसरी गोळी लिहून देतात.