फाशांच्या कथाखेळाविषयी खुलासा

इंदूरमधील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, टेबलाभोवती बसून फासे टाकत भूमिका वठवण्याचे खेळ खेळल्याने मुलांचे गणित आणि इतिहास हे विषय शिकवणीशिवाय पक्के होतात. त्यात रामबागेतील आमच्या घरी रविवारी मांडल्या जाणाऱ्या खेळाचा दाखला दिला असल्याने हा खुलासा करणे भाग आहे.

असा दावा आम्ही केलेला नाही. या प्रकारचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला, तो करमणुकीसाठी. मात्र त्याचा काहीच उपयोग नाही, असेही म्हणता येणार नाही. आमच्या खेळातील कथेत वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा त्याहून अधिक पडले तरच नर्मदेतील होडी पैलतीरी लागेल, असे ठरताच सहावीतील एका मुलीने बोटांवर सहा आकडे मोजले, ‘विसात सहा, म्हणजे तीस टक्के’ असे सांगितले आणि काठावरच मुक्काम केला. शक्यतेचे हे गणित तिला आम्ही शिकवले नव्हते.

इतिहासाचे तसे नाही. अहिल्याबाईंच्या काळातील जासूद महेश्वरला रेल्वेने जाईल, असे एकाने बेधडक सांगितले (आपल्याकडे प्रवासी रेल्वे आली १८५३ साली!) आणि फाशांनी त्याला मुळीच अडवले नाही. तेथे जाणत्या माणसानेच टोकावे लागते.

पाढे आमच्याही घरी पाठच करावे लागतात. खेळासाठी शुल्क घेतले जात नाही. त्यामुळे संदेशातील ‘प्रवेश सुरू’ ही ओळही चुकीची आहे.