फोन बंद केला, पण डोक्याला सुट्टी कुठे?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातच्या भोंग्यावर मोबाइल-टीव्ही बंद आणि साडेआठच्या भोंग्यावर पुन्हा सुरू, अशी पद्धत पाडली. तेव्हापासून आपल्याकडची चर्चा एकाच खुंट्याभोवती फिरते: पोरं अभ्यासाला बसतात की नाही? इकडे नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात फोन नाही. कारण तेच, एकाग्रता. दोन्हीकडे सुटलेला वेळ लगेच दुसऱ्या कामाला जुंपलेला. मनाला जरा उंडारू द्या, असं कोणी म्हणत नाही. रिकामं मन सैतानाचं घर, हे आपल्या तर हाडीमासी खिळलेलं आहे.

गंमत म्हणजे इथे नेदरलँड्समध्ये उंडारायची मुभा मिळाली ती वाहतुकीच्या नियमामुळे. १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. कालव्याकाठचा सरळ रस्ता, पायांना काम, डोक्याला फारसं नाही. विचार आपोआप सुटतात. मात्र कानात पॉडकास्ट घातला की मुसळ केरात! घरी हेच भांडी घासताना, लसूण सोलताना, तांदूळ निवडताना साधतं. नुसतं भिंतीकडे बघत बसायचा सल्ला मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५ मिनिटं एकटं, रिकामं बसवल्यावर १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी स्वतःला विजेचा झटका देऊन घेतला होता. हाताला हलकं काम हवंच.

परदेशातल्यांची अडचण आणखी वेगळी. भारतात सकाळी सहाला धाडलेलं ‘सुप्रभात’ इथे उन्हाळ्यात रात्री अडीचला येतं, हिवाळ्यात दीडला. ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करून भागत नाही, ‘नेहमी’ निवडावं. घरून तातडीचा फोन आला तर, ही धास्ती मात्र खरी. त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये घरच्या नंबरांना सूट द्यावी आणि लागोपाठ फोन करणाऱ्यांची सोय चालू ठेवावी: त्याच नंबरवरून अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, आयफोनवर ३ मिनिटांत दुसरा फोन आला की घंटी वाजते. मेख अशी, की आई-बाबा फोन करतात व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि ही सूट प्रत्येक फोनवर त्या कॉलला लागू पडेलच असं नाही. सेटिंग केल्यावर त्यांना एकदा फोन करायला लावून घंटी वाजते का, ते बघावं.

‘फोन घरी ठेवून फिरून या’ हे इथे सांगणं सोपं, कारण बँकेचं कार्ड टेकवलं की रेल्वेत बसता येतं. पुण्यात भाजीवालीकडेही क्यूआर कोड. खिशात दोन-तीनशे रुपये सुटे नसतील तर फोन न्यावाच लागणार. मनगटी घड्याळही हवं. किती वाजले एवढंच बघायला उचललेला फोन सहजी खाली ठेवला जात नाही.