जाड पाचच्या नाण्याची ब्लेडं होत नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं चोरून बांगलादेशात नेत, तिथे एका नाण्याची सहा ब्लेडं करत आणि दोन रुपयांना एक विकत. पाचाचे बारा होतात हे कळल्यावर सरकारने ते नाणंच बंद केलं. खाली पुस्ती असते: घरात असेल तर जपून ठेवा, लाखो मिळतात. यातला एक धागा खरा आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपतं.

आधी ब्लेडचं बघू. 1992 पासून चलनात आलेलं हे नाणं 9 ग्रॅमचं, कप्रोनिकेलचं. म्हणजे 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल. लोखंड त्यात नाहीच. कोयत्याची धार टिकते, कारण पोलादात कार्बन असतो आणि लोहार ते लालबुंद तापवून त्याला पाणी देतो. दाढीचं ब्लेडही तशाच कडक होणाऱ्या पोलादाचं असतं, फक्त त्यात सुमारे 13 टक्के क्रोमियम घातलेलं असतं. तांबं-निकेलच्या या मिश्रधातूला पाणी चढतच नाही. तापवून थंड केला तर तो उलट मऊ पडतो. त्याची पातळ पट्टी गालावर फिरवली तर धार लगेच मुडपेल. सहा ब्लेडांचा हिशोब वजनाने बसतो, कारण एक ब्लेड ग्रॅमभराचंही नसतं. पण वजन जुळलं म्हणून धार येत नाही.

मग तस्करीच्या बातम्या सगळ्या खोट्या? नाही, खरा धागा इथेच आहे. 2007 मध्ये कोलकात्यात सुट्ट्या पैशांची टंचाई होती आणि नाणी सीमेपार जात असल्याच्या बातम्या येत होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात निकेल टनाला 50,000 डॉलरच्या वर गेलं होतं, तांबं साडेसात हजारांच्या आसपास होतं. एका नाण्यात 2.25 ग्रॅम निकेल आणि 6.75 ग्रॅम तांबं. तेव्हाच्या 41 रुपये डॉलरच्या दराने हिशोब मांडा: धातूच साडेसहा रुपयांच्या पुढे जातो, आणि नाण्यावर छापलंय पाच. असं नाणं वितळवायचा मोह कुणालाही होईल, त्यासाठी ब्लेडची गोष्ट लागतच नाही.

उपाय टांकसाळीत झाला. 2007 मध्ये 6 ग्रॅमचं स्टेनलेस स्टीलचं पाचचं नाणं आलं, 2009 मध्ये त्याच वजनाचं पिवळसर निकेल-ब्रासचं. घरी चुंबक असेल तर लावून बघा: स्टीलचं नाणं चटकन चिकटतं, जाड कप्रोनिकेल ढिम्म राहतं.

"बंद केलं" हेही चूक. 30 जून 2011 पासून चलनातून गेली ती 25 पैसे आणि त्याखालची नाणी. जाड पाच आजही कायदेशीर चलन आहे. दुकानदाराने ते नाकारायचं काही कारण नाही. नाणी वितळवणं मात्र 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा 7 वर्षांपर्यंत.

आता लाखो रुपये. ही नाणी कोट्यवधींच्या संख्येने पडली आहेत, वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्याची किंमत पाच रुपयेच. संग्राहक जास्त मोजतात ते टांकसाळीतल्या चुकीला. उदाहरणार्थ ब्रॉकेज: आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, पुढची चकती त्याच्यावरच दाबली जाते आणि तिच्या एका बाजूला सिंहमुद्रा उलटी, आत खोल गेलेली उमटते. दुसऱ्या बाजूला तीच सिंहमुद्रा नेहमीसारखी. पहिल्यांदा हातात घेतल्यावर माणूस हरखून जातो, आणि ते योग्यच आहे. पण बाजारात शिकंज्यात दाबून किंवा घासून केलेल्या "चुका"ही भरपूर आहेत. पृष्ठभाग चपटलेला दिसला, ओरखडे दिसले की ते नाणं टांकसाळीच्या चुकीचं नव्हे, कुणीतरी बाहेर बिघडवलेलं आहे.

मला खरी काळजी वाटते ती मेसेजच्या शेवटच्या ओळीची, कारण तिथून माणसं फसवणाऱ्यांच्या हाती लागतात. "तुमच्या नाण्याला गिऱ्हाईक आहे, आधी कमिशन आणि टॅक्स भरा." 4 ऑगस्ट 2021 ला रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि असं शुल्क वसूल करायचा अधिकार आपण कुणालाही दिलेला नाही. नाण्यांचा व्यापारी आधी नाणं हातात घेतो, भिंगाखाली कडा बघतो आणि मग भाव सांगतो. विकणाऱ्याकडून तो पैसे मागत नाही.